खूण आधी, नाव नंतर

(शारजा येथे शब्बाथ उतरल्यावर भरलेल्या मराठीभाषी बेने इस्राएल कुटुंबांच्या मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित.)



आपण आताच हव्दाला केली. ‘हव्दाला’ या शब्दाचा अर्थ वेगळे करणे, भेद जाणणे असा आहे. उजेड आणि अंधार, शब्बाथ आणि कामाचे सहा दिवस, यांतला भेद ओळखण्याची बुद्धी दिल्याबद्दल आपण परमेश्वराचे आभार मानतो. आज मी याच विषयावर चार शब्द बोलणार आहे. ओळखणे म्हणजे काय, आणि ज्या वस्तूबद्दल कोठेही काही लिहून ठेवलेले नाही ती वस्तू ओळखायची कशी, असा माझा विषय आहे. दाखला मात्र मी तोरामधून घेतलेला नाही. तो शारजाच्या सुट्या भागांच्या बाजारातील एका लोखंडी तुकड्याचा आहे. एका परिचारिकेला इंजिनातील काय कळते, असे आपल्या मनात येईल. तो प्रश्न रास्त आहे. इंजिनाचे ज्ञान मला इतरांकडून मिळाले. मी त्यात भर घातली ती रुग्णालयातील शिस्तीची.

हे भाषण आपल्या पत्रिकेत छापले जाणार आहे, म्हणून मुंबई, ठाणे आणि कोकणातील वाचकांसाठी थोडे सांगते. शारजाचा औद्योगिक विभाग क्रमांकांनी ओळखला जातो आणि त्यात जुन्या मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने रांगेने पसरलेली आहेत. अमेरिका, जपान, युरोप येथील अपघातग्रस्त किंवा जुन्या गाड्या कंटेनरमधून येथे येतात, त्या उकलल्या जातात आणि त्यांचे दरवाजे, गिअरपेट्या, इंजिने निराळी होऊन आफ्रिकेपासून अफगाणिस्तानापर्यंत जातात. याच शहरात विमानतळाजवळ जुन्या मोटारींचे एक सुंदर संग्रहालय आहे. ते २००८ साली सुरू झाले. तेथे प्रत्येक गाडीपुढे पाटी आहे; नाव, साल, देश, सारे काही लिहिलेले आहे. बाजारातील सुट्या भागापुढे पाटी नसते. त्याच्या अंगावर एक क्रमांक असतो, तो क्रमांक कंपनीच्या सूचिपुस्तकात सापडतो, आणि मग त्याला नाव व किंमत दोन्ही मिळतात. क्रमांक सापडला नाही तर तो भाग भंगाराच्या भावाने वजनावर जातो.

माझा भाचा याच बाजारात दुकान चालवतो. मी त्याच्याकडे राहावयास आले असताना अमेरिकेहून आलेल्या एका कंटेनरमध्ये, कोणा बंद पडलेल्या कारखान्यातील किरकोळ सामानाच्या खोक्यात, एक जड तिकोनी वस्तू निघाली. तिच्या तिन्ही बाजू किंचित फुगीर, तिन्ही टोकांना उभ्या खाचा, आणि मध्यभागी मोठे गोल छिद्र, ज्याच्या आतल्या कडेला दाते. दुकानात पंजाबकडील एक वृद्ध मिस्त्री आहेत. सारे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी ती वस्तू दोन्ही हातांनी उचलली, उलटसुलट केली आणि सांगितले, की हे रोटरी इंजिनाचे रोटर आहे, परंतु आपल्या दुकानात येते त्या जातीचे नाही.

रोटरी इंजिन म्हणजे काय, हे समजून घेतल्याखेरीज पुढची गोष्ट कळणार नाही. आपल्या नेहमीच्या मोटारीच्या इंजिनात दट्ट्या वरखाली होतो आणि त्या वरखाली होण्याचे रूपांतर फिरण्यात करावे लागते. जर्मनीतील फेलिक्स वांकेल याने दट्ट्याच काढून टाकला. त्याच्या जागी मध्यावर किंचित आवळलेल्या लांबट गोल पेटीत एक तिकोनी रोटर फिरत ठेवला. रोटरची प्रत्येक बाजू फिरता फिरता हवा आणि इंधन आत घेते, दाबते, जळू देते आणि धूर बाहेर टाकते. अशा तीन बाजू असल्याने काम अखंड चालू राहते, भाग कमी लागतात आणि इंजिन लहान व गुळगुळीत चालणारे होते. वांकेल नाझी पक्षात होता, ही गोष्ट आपल्या लोकांपुढे बोलताना मी झाकून ठेवणार नाही. यंत्र चांगले असले म्हणून माणूस चांगला ठरत नाही, आणि माणूस वाईट म्हणून यंत्राचे दाते खोटे ठरत नाहीत.

एन. एस. यू. या जर्मन कंपनीने असे इंजिन १९५७ साली प्रथम चालवून दाखवले. पुढे जगातील अनेक मोटार कंपन्यांनी त्याचे परवाने विकत घेतले. ते दीर्घकाळ टिकवून दाखवले मात्र जपानमधील हिरोशिमाच्या माझदा कंपनीने. रोटरच्या टोकांना बसवलेल्या पट्ट्या पेटीच्या आतील भिंतीवर ओरखडे पाडीत. माझदाचे अभियंते त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. त्यांनी तो दोष चिकाटीने दूर केला. म्हणूनच आज बाजारात रोटर दिसला की तो बहुधा माझदाचा असतो. त्या रोटरांची ओळखही सोपी आहे. माझदाच्या प्रचलित इंजिनांमध्ये रोटरची जाडी ६०, ७० किंवा ८० मिलिमीटर असते. त्याच्या आतील वलयाला ५१ दाते असतात आणि ते ज्या स्थिर चाकावर फिरते त्याला ३४. हे तीनास दोन असे प्रमाण प्रत्येक वांकेल इंजिनात असावेच लागते, नाही तर रोटर फिरणारच नाही.

आमच्या तिकोनी पाहुण्याची जाडी या तिन्हींपैकी एकाशीही जुळेना. सूचिपुस्तकात त्याचा क्रमांक मिळेना. येथे बहुतेक दुकानदार हात टेकतात. माझ्या भाच्यानेही ते काट्यावर ठेवण्याचे ठरवले होते. मी त्याला म्हटले, “अरे, केस पेपर नाही म्हणून रुग्णाला कोणी परत पाठवते का? आधी तपासू तर खरे.”

रुग्णालयाच्या अपघात विभागात बेशुद्ध माणूस येतो. खिशात कागद नाही, सोबत कोणी नाही. अशा वेळी परिचारिका काय करते? ती अंगावरील खुणा लिहून घेते. जुना व्रण कोठे आहे, गोंदण काय आहे, हाताला घट्टे आहेत का, दातांची अवस्था कशी आहे. यांतील प्रत्येक खूण त्या माणसाच्या आयुष्याबद्दल काही सांगते. धातूच्या वस्तूलाही अशा खुणा असतात, आणि त्या वाचण्याचे शास्त्र आहे.

पहिली खूण जन्माची. कारखान्यात लाखोंच्या संख्येने बनणारा भाग कायमच्या साच्यातून किंवा कायमच्या नमुन्यावरून केलेल्या साच्यातून येतो. त्याच्या अंगावर ओतशाळेचे चिन्ह, तारखेची खूण आणि क्रमांक उठावाच्या अक्षरांत ओतलेले असतात, कारण ती अक्षरे साच्यातच कोरलेली असतात. प्रयोगासाठी चारदोनच भाग करायचे असतील तर एवढा खर्च कोणी करीत नाही. ते भाग वाळूच्या साच्यात ओततात, हाताने तासतात, आणि क्रमांक नंतर ठशाने व हातोड्याने ठोकतात. आमच्या रोटरवरचे आकडे ठोकलेले होते. एक आकडा किंचित तिरपा, दुसरा अधिक खोल. ओतशाळेचे चिन्ह कोठेच नव्हते. म्हणजे हे मूल मोठ्या कुटुंबातले नव्हते.

दुसरी खूण आयुष्याची. रोटरच्या तिन्ही बाजूंवर काजळीचा घट्ट थर होता आणि टोकांच्या खाचांच्या कडा झिजलेल्या होत्या. प्रदर्शनात मांडण्यासाठी केलेल्या नमुन्यावर काजळी बसत नाही. हे रोटर ज्वाळेत फिरलेले होते. कोठेतरी, कोणत्यातरी चाचणीच्या ओट्यावर किंवा गाडीत, त्याने काम केलेले होते.

तिसरी खूण मायदेशाची. ही मला फार आवडली, कारण तिचा धडा मला फार पूर्वी औषधांच्या कपाटात मिळाला होता. अॅस्पिरिनची गोळी ३२५ मिलिग्रॅमची का असते, ३०० किंवा ३५० ची का नाही, असा प्रश्न आम्ही शिकत असताना पडे. उत्तर असे, की जुन्या इंग्रजी मापात ती पाच ग्रेनची गोळी होती, आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. देशांनी मापे बदलली, गोळीने आपले जुने माप अंगात जपले. आमच्या रोटरचेही तसेच झाले. उस्तादांनी कॅलिपर लावला. मिलिमीटरमध्ये मोजावे तर प्रत्येक आकडा अपूर्णांकात जाई. इंचांत मोजले की तोच आकडा सरळ येई. तेव्हा ही वस्तू जर्मनीतील किंवा जपानमधील नसून ज्या देशात कारागीर इंचांत विचार करीत होते तेथील, म्हणजे बहुधा अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील असावी.

आता प्रश्न असा, की अमेरिकन मोटार कंपन्यांनी अशा रोटरी इंजिनाची मोटार बाजारात आणलीच नाही, मग हे रोटर आले कोठून? याचे उत्तर एका न घडलेल्या गोष्टीत आहे, आणि त्या गोष्टीत आपल्या दिनदर्शिकेतील सर्वांत पवित्र दिवस येतो.

जनरल मोटर्स या प्रचंड अमेरिकन कंपनीने १९७० साली सुमारे पाच कोटी डॉलर देण्याचे कबूल करून रोटरी इंजिनाचा परवाना घेतला. शेव्हर्ले व्हेगा या लहान गाडीत ते इंजिन बसवायचे ठरले. दुसऱ्या एका कंपनीने, अमेरिकन मोटर्सने, जनरल मोटर्सकडून तेच इंजिन विकत घेण्याच्या भरवशावर पेसर नावाची गाडी आखली. सारे काही ठरत आले होते. मग ६ ऑक्टोबर १९७३ उजाडला. तो किप्पूरचा दिवस होता. आपल्या आजीपणजीच्या भाषेत दारफळणीचा सण. त्या दिवशी युद्ध पेटले. त्यामागोमाग अरब तेलउत्पादक देशांनी तेलाची कोंडी केली, आणि पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला तेलाचा भाव थोड्या महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला. रोटरी इंजिनाची मोठी खोड ही, की ते इंधन अधिक खाते. त्याच्या ज्वलनाची जागा लांब आणि चपटी असते. उष्णता भिंतींतून निसटते आणि थोडे इंधन न जळताच बाहेर जाते. पेट्रोल स्वस्त होते तोवर हे खपले. पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्यावर ते कोणाला परवडणार? १९७४ साली जनरल मोटर्सने आपली योजना बेमुदत पुढे ढकलली आणि ती पुन्हा कधी उभी राहिली नाही. पेसर १९७५ साली बाजारात आली ती नेहमीचे सहा सिलिंडरांचे इंजिन घेऊन. ज्या इंजिनासाठी तिचे अंग बेतले होते ते इंजिन जन्मलेच नाही. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने तर रोटरी इंजिनाच्या ८४७ गाड्या करून विकल्यासुद्धा होत्या. पण पुढे त्यांचे सुटे भाग पुरवीत राहण्याचे ओझे नको म्हणून त्या गाड्या परत विकत घेऊन मोडून टाकण्याचा सपाटा तिने लावला.

अर्धवट राहिलेल्या योजनांचे असेच होते. वस्तू मोडतात, आराखडे जातात, सूचिपुस्तक छापलेच जात नाही. यासाठी अमेरिकेला जाण्याचेही कारण नाही. आपल्या इचलकरंजीतील शंकरराव कुलकर्णी हे फारसे शाळाशिक्षण नसलेले गृहस्थ. त्यांनी १९४९ साली स्वतःच्या हिमतीवर लहान मोटार तयार केली. तिचे नाव ‘मीरा’. पुढील दोन तपांहून अधिक काळ ते तिच्या सुधारित आवृत्त्या बनवीत राहिले. स्प्रिंगांच्या जागी रबर, इंजिन मागच्या बाजूला, आणि किंमत सुमारे बारा हजार रुपये, जेणेकरून ती सामान्य कुटुंबाला घेता यावी. सरकारी परवान्याच्या आणि भांडवलाच्या अडचणीत ती कारखान्यापर्यंत पोहोचलीच नाही. आज ‘मीरा’च्या इंजिनाचा एखादा भाग कोल्हापूरच्या भंगारात निघाला, तर कोणते सूचिपुस्तक त्याला नाव देईल? तो भाग ओळखायचा असेल तर त्याच्या अंगावरील खुणा आणि ज्यांनी ते काम पाहिले त्यांची आठवण, एवढीच साधने आपल्या हाती असतील.

शारजाच्या गोष्टीकडे वळते. रोटरची छायाचित्रे पाहून एक ग्राहक दुकानात आला. दुर्मीळ मोटारींच्या भागांचा व्यवहार करणारा मनुष्य, बोलणे गोड. त्याने देऊ केलेली रक्कम ऐकून माझा भाचा क्षणभर बसूनच राहिला. दुकानाचे कित्येक महिन्यांचे भाडे त्यात निघाले असते, आणि ते वर्ष त्याला कठीण गेले होते. अट एकच होती. दुकानाच्या छापील कागदावर लिहून द्यायचे, की हे जनरल मोटर्सच्या रद्द झालेल्या रोटरी योजनेतील रोटर आहे. त्या नावाला संग्राहकांत मोठा भाव आहे, कारण त्या कंपनीने १९७३ साली कॉर्व्हेटच्या घाटाच्या रोटरी गाड्या प्रदर्शनात मांडल्या होत्या. ग्राहक म्हणाला, “नाही तरी ते खोटे आहे असे कोण सिद्ध करणार?”

भाच्याने मला विचारले, “मावशी, तू काय म्हणतेस? अमेरिकेतले आहे, प्रायोगिक आहे, रोटरी आहे. मग असेलही त्यांचेच.”

मी त्याला अपघात विभागातील नोंदवहीची गोष्ट सांगितली. बेशुद्ध माणसाचे नाव कळले नाही तर आम्ही लिहितो, ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस’. पुढे खुणा लिहितो. कोणी म्हणाले, की हा अमक्या गावचा अमका असावा, तरी ते नाव आम्ही नावाच्या रकान्यात लिहीत नाही. कारण एकदा नाव लिहिले की पुढचा प्रत्येक माणूस तेच नाव वाचतो. त्या नावाच्या माणसाचा जुना कागद काढला जातो, त्याचा रक्तगट, त्याला न मानवणारी औषधे, सारे या देहाला चिकटते. चुकीच्या नावाने माणूस दगावू शकतो. ‘अनोळखी’ या शब्दाने कोणी दगावत नाही. तो शब्द शोध चालू ठेवतो. रुग्णाच्या मनगटावर पट्टी बांधताना, औषध देताना, रक्त चढवताना आम्ही नाव पुन्हा पुन्हा ताडून पाहतो ते एवढ्यासाठीच.

भाचा काही वेळ गप्प राहिला. मग त्याने ग्राहकाला सांगितले, की आमचे मोजमाप अजून पुरे झालेले नाही, दोन दिवस थांबा.

त्या दोन दिवसांत उस्तादांनी जे केले ते ऐकण्यासारखे आहे. वांकेल इंजिनाच्या भूमितीत एक मोठी सोय आहे. रोटर ज्या दांड्यावर बसतो त्याचे मध्य थोडे सरकवलेले असते. या सरकण्याला विकेंद्रता म्हणू. रोटरच्या आतील दात्यांच्या वलयाचा व्यास, दाते जेथे एकमेकांत बसतात त्या रेषेवर मोजला, तर तो या विकेंद्रतेच्या बरोबर सहापट असतो. म्हणजे पेटी हरवलेली असली, दांडा हरवलेला असला, तरी एकट्या रोटरवरून विकेंद्रता काढता येते. मग ती विकेंद्रता, केंद्रापासून टोकापर्यंतचे अंतर आणि रोटरची जाडी या तिन्हींचा गुणाकार करून त्याला सुमारे ५.२ ने गुणले, की त्या इंजिनाच्या एका कक्षाची क्षमता मिळते.

आधी त्यांनी दुकानातील माझदाचा रोटर मोजला. नवे यंत्र रुग्णाला लावण्यापूर्वी ते स्वतःवर लावून पाहावे, तशी ती रीत मला वाटली. विकेंद्रता १५ मिलिमीटर, टोकापर्यंतचे अंतर १०५, जाडी ७०. उत्तर आले सुमारे ५७३ घनसेंटिमीटर, आणि माझदाच्या त्या इंजिनाची छापील क्षमता तीच आहे. रीत खरी ठरली. मग आमचा तिकोनी पाहुणा मोजला. हिशेब तीनदा केला. तिन्ही वेळा उत्तर ९८० घनसेंटिमीटरच्या आसपास आले, म्हणजे साठ घनइंच.

हा साठाचा आकडा बोलका आहे. जनरल मोटर्सच्या दोन रोटरांच्या मुख्य इंजिनाची क्षमता २०६ घनइंच सांगितली जात असे. ती रोटरामागे वाटा, बाजूंमागे वाटा, साठाशी तिचा मेळ बसत नाही. परंतु जनरल मोटर्सच्या पुष्कळ आधी, १९५८ साली, कर्टिस-राइट या अमेरिकन कंपनीने वांकेल इंजिनाचा परवाना घेतला होता. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंचे नाव ज्या कंपनीत उरले तीच ही. तिच्या प्रायोगिक इंजिनांच्या नावातच साठ हा आकडा होता, कारण एका कक्षाची क्षमता साठ घनइंच. त्यांतील दोन रोटरांचे एक इंजिन १९६० च्या दशकात फोर्ड मस्टँग गाडीत बसवून रस्त्यावर चालवून पाहिले गेले. मोटार कंपन्या ते विकत घेतील अशी आशा होती. ती फळाला आली नाही, आणि १९८४ साली कर्टिस-राइटने आपला रोटरी विभागच विकून टाकला.

भाच्याने कागदावर लिहिले ते मी जसेच्या तसे सांगते. ‘वांकेल पद्धतीचा प्रायोगिक रोटर. इंच मापात घडवलेला. चाललेला. मोजलेली क्षमता कर्टिस-राइटच्या साठ घनइंची इंजिनाशी जुळते. मूळ कागदपत्र उपलब्ध नाही.’ पाच वाक्ये. त्यांतील चार खुणांची आणि एक उणिवेचे. पहिला ग्राहक तो कागद वाचून निघून गेला. पुढे जुनी रोटरी इंजिने दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थाने तो रोटर निम्म्याहून कमी किमतीस घेतला आणि कागद आधी मागून घेतला. भाच्याच्या त्या वर्षीच्या अडचणी त्या पैशाने मिटल्या नाहीत, हेही खरे आहे. त्याने ते सोसले, आणि त्याची मावशी म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट तुमच्यापुढे सांगण्याचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल. आपण बेने इस्राएल लोक स्वतः अशीच एक वस्तू आहोत, जिचा क्रमांक सूचिपुस्तकात सापडत नव्हता. आपली परंपरा सांगते, की नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली. ग्रंथ, कागद, वंशावळ्या, सारे समुद्रात गेले. शतकानुशतके कोकणात राहून आपण मराठी बोललो, तेल गाळले, गावांची नावे आडनावे म्हणून लावली. कागद नव्हता, पण खुणा होत्या. शनिवारी घाणा बंद असे, म्हणून शेजारी आपल्याला शनिवार तेली म्हणत. आठव्या दिवशी मुलाची सुंता होई. शेमा तोंडपाठ होता. सणांची हिब्रू नावे विसरली होती, पण नव्याचा सण ठरल्या वेळी येत होता आणि बिरड्याचा रोजा मोडला जात नव्हता. दावीद रहाबी आले तेव्हा त्यांनी आपल्या स्त्रियांपुढे नाना जातींचे मासे ठेवले असे म्हणतात. त्या स्त्रियांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. रहाबींनी कागद मागितला नाही. त्यांनी दाते मोजले.

आणि आपल्याला उलट अनुभवही आला. आपले लोक इस्राएलला गेल्यावर १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या विवाहांच्या वेळी वंशाची चौकशी करण्याचा दंडक आला. ज्यांच्याकडे कागद कधी नव्हताच त्यांना कागद विचारला गेला. आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि १९६४ साली इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत असे स्पष्ट केले. तेव्हाचे अश्रू आपल्यापैकी अनेकांच्या घरांत अजून आठवले जातात. म्हणून सूचीत नाव नाही एवढ्यावरून कोणाला खोटे ठरवण्याचा मोह आपल्याला तरी होऊ नये.

परंतु या नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती अधिक अवघड आहे. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांना मोठे नाव लावून घेण्याचा मोह फार होतो. आपल्या घरांतही हे घडते. जुना किद्दूशचा प्याला निघाला की तो बगदादहून आलेला ठरतो. कोणाचे तरी छायाचित्र निघाले की ते प्रसिद्ध पूर्वजाचे होते. दिवा कोठला, प्याला कोणाचा, हे खुणा न पाहता बोलले जाते आणि पुढच्या पिढीला तेच सत्य म्हणून मिळते. आपल्या खऱ्या खुणा इतक्या भक्कम असताना उसन्या नावाची गरज काय? शनिवारी बंद राहिलेला घाणा हे पुरेसे मोठे नाव आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपापल्या घरी जी जुनी वस्तू असेल, प्याला, दिवा, केतुबा, छायाचित्र, प्रार्थनेचे पुस्तक, ती घरातील सर्वांत वयस्कर माणसापुढे ठेवा. एका कागदावर लिहा, की हिच्या अंगावर कोणत्या खुणा आहेत, हिच्याबद्दल कोणी काय सांगितले, आणि काय ठाऊक नाही. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका. तोच पुढच्या शोधकाच्या उपयोगी पडतो. नाव घाईने लिहू नका. नंतर कोणीतरी येईल, त्याच्या हातात दुसरी एखादी जुळणारी वस्तू असेल, आणि तुमच्या खुणा पाहून तो नाव देईल. आपल्या वेळचे वृद्ध अजून आहेत. उस्ताद अजून दुकानात बसलेले आहेत. त्यांचे डोळे आणि आपली लेखणी एकत्र येण्यासाठी फार दिवस उरलेले नाहीत.

परमेश्वर तुम्हा सर्वांना आरोग्य देवो आणि हा आठवडा सुखाचा जावो. शालोम.